कावळा शिवायच्या आधीचे आठ दिवस



माधवनगरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. ‘नाव छापू नका, गाव छापलंत तरी चालेल, आमच्या गावात माझ्यासारख्या आणखीही असतीलच,’ असं त्यांनी शेवटी लिहिलंय. वय ३७. दोन मुलं, थोरली मुलगी १४ वर्षांची. घरीच शिवणकाम करतात. पत्रातला मधला भाग त्यांच्याच शब्दांत देते :

‘पाळी यायच्या आधी आठवडाभर मी माझी राहत नाही. पोट फुगतं, ब्लाउज घट्ट होतात, छातीला धक्का लागला तरी जीव जातो. रात्री झोप नाही. कुणी भांडं आपटलं तरी डोकं भडकतं. मागच्या महिन्यात धाकट्याला लाटण्यानं मारलं आणि मग मीच ओट्याखाली बसून रडले. पाळी आली की दुसऱ्या दिवशी सगळं ओसरतं, जसं काही झालंच नव्हतं. सासूबाई म्हणतात, हिच्या अंगात येतं. एका दवाखान्यात दाखवलं. ते म्हणाले, दोन मुलं झालीत, आता पिशवीचं काय काम? काढून टाका, कायमची सुटका. दिवाळीनंतर करायचं असं घरात ठरतंय. करू का?’

उत्तर आधी देते, कारण दिवाळी काही फार लांब नाही. ताई, तुम्ही लिहिलंय तेवढंच कारण असेल, तर करू नका. या दुखण्याचं मूळ पिशवीत नाही. पिशवी काढली तर पाळी थांबेल आणि हे आठ दिवस मात्र तसेच येत राहतील. का ते पुढे सांगते. आणि बाकीच्या मैत्रिणींनो, पत्र एकीचं असलं तरी पान उलटू नका.

आपल्याकडे पाळीच्या चार दिवसांना शब्दांची कधीच वाण नव्हती. कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आहे, बाजूला बसली. त्या दिवसांचे नियम होते, जाच होता, आणि खोटं कशाला बोला, काही घरांत तेवढीच काय ती बाईला विश्रांती होती. पण त्याच्या आधीच्या आठवड्याला आपल्या भाषेत नाव नाही. नाव नसलेल्या दुखण्याला घरात ‘स्वभाव’ म्हणतात. ‘तिचा स्वभावच तसा, मधूनच बिघडते.’ मधूनच नाही हो, महिन्याच्या महिन्याला, ठरल्या दिवशी बिघडते. पण घरात ते दिवस मोजतो कोण?

परदेशातही ते उशिराच मोजले गेले. १९३१ साली अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीपूर्वीच्या या ताणाबद्दल लिहिलं. नंतर लंडनच्या डॉ. कॅथरिना डाल्टन यांनी तो विषय हाती घेतला. त्यांना स्वतःला पाळीच्या सुमारास अर्धशिशी व्हायची, आणि गरोदरपणात ती गायब झाली, तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. १९५३ साली डॉ. रेमंड ग्रीन यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी या त्रासाला ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ म्हटलं. तेच आजचं पीएमएस. आपण त्याला पाळीपूर्व त्रास म्हणू. डाल्टनबाई यावर प्रोजेस्टेरॉन देत, आणि त्यांचा त्यावर फार भरवसा होता. पुढच्या चाचण्यांत मात्र त्याचा ठाम उपयोग काही दिसला नाही. आजार ओळखला त्यांनी, औषधाचा अंदाज तेवढा चुकला.

आता शरीरात होतं काय ते बघू. पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी बीजकोशातून, म्हणजे अंडाशयातून, स्त्रीबीज बाहेर पडतं. ते पडलं की त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते आणि ती प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडू लागते. गर्भ राहिला नाही की ती गाठ सुकते, संप्रेरक उतरतं आणि पाळी येते. हे प्रत्येक बाईत होतं. मग त्रास एकीलाच का? बरीच वर्षं डॉक्टरांना वाटायचं, हिच्यात संप्रेरक कमी असेल किंवा जास्त असेल. रक्त तपासलं तर दोघींचे आकडे सारखेच! म्हणून सांगते, ‘हार्मोनची तपासणी करा, पीएमएस आहे का बघू’ असं कुणी म्हटलं तर पैसे घालवू नका. या त्रासाची रक्ततपासणी नाही.

१९९८ साली अमेरिकेत डॉ. पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंजेक्शन देऊन त्यांनी बीजकोशांचं काम काही काळ बंद ठेवलं. त्रास असलेल्या बऱ्याच बायकांना आराम पडला. मग त्यांनी बाहेरून संप्रेरक दिलं, तर त्यांचा त्रास परतला. ज्यांना मुळात हा त्रास नव्हता, त्यांना तेच संप्रेरक देऊनही काही झालं नाही. म्हणजे संप्रेरक सगळ्यांचं सारखंच, त्याला उत्तर देणारा मेंदू मात्र वेगवेगळा. एकाच हवेत एकीला शिंका येतात, दुसरीला येत नाहीत, तसंच काहीसं. यात मनाचा कमकुवतपणा नाही, आणि अंगात येणं तर नाहीच.

या सगळ्यात पिशवीचा, गर्भाशयाचा, संबंध कुठे आला? ती बिचारी फक्त शेवटी रक्त टाकते. हुकूम सुटतो बीजकोशांतून आणि गोंधळ उडतो डोक्यात. पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले, तर तेच चक्र चालू राहतं, फरक एवढाच की आता पाळीच नाही. मग बाई चिडली की का चिडली हे तिला स्वतःलाही कळायची सोय उरत नाही. आज निदान ‘पाळी आली, सुटले’ असा शेवट तरी असतो. शिवाय बीजकोश ठेवले तरी पिशवी काढलेल्या बायकांना पाळी जाण्याच्या वयातले त्रास काही वर्षं आधीच सुरू होण्याचा संभव असतो. बीजकोशही काढले, तर त्रास थांबेल खरा, पण सदतिसाव्या वर्षी एका दिवसात म्हातारपण अंगावर घेतल्यासारखं होईल : अंगाच्या लाह्या, हाडं ठिसूळ, हृदयविकाराचा धोका जास्त. सगळे उपाय थकल्यावर, फार क्वचित, तोही मार्ग निवडतात. आपली सुरुवात तिथून नको.

पिशवी काढून टाकण्याची ही घाई काही एका माधवनगरची नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या बायकांचं प्रकरण २०१९ साली गाजलं, तुम्ही ऐकलं असेल. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोडणीच्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ‘अंगावरून पांढरं जातं’, ‘पोटात दुखतं’ एवढ्या तक्रारीवरून, कॅन्सरची भीती घालून काढलेल्याही त्यांत होत्या. याच भागातल्या टोळ्या दरवर्षी आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या फडातही येतात. पाळीत खाडा झाला की मजुरी बुडते, म्हणून कित्येकींना ते ऑपरेशन सोयीचंही वाटलं. त्यांना दोष कोण देणार? पण तुमच्यापुढे तशी निकड नाही, ताई. केंद्र सरकारने २०२२ साली अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढायची तर जास्त बारकाईने विचार व्हावा, हा त्यामागचा रोख आहे. तुम्ही ३७ वर्षांच्या आहात हे विसरू नका.

माझ्या लिहिण्याचा भलता अर्थ मात्र कुणी काढू नये. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, औषधाने न थांबणारा रक्तस्राव होऊन रक्त सातावर आलं असेल, तर पिशवी काढणं योग्यच ठरतं आणि त्याने जीव वाचतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा : ‘माझ्या आजाराचं नाव काय? ते कागदावर लिहून द्या. सोनोग्राफीत काय दिसलं? औषधाने होणार नाही असं का वाटतं? बीजकोश ठेवणार की काढणार?’ चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नांचा राग येत नाही. आणि दुसरं मत घ्यायला तुम्हाला पुण्या-मुंबईला जायला नको. सांगलीचं सिव्हिल, म्हणजे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, तुमच्या जवळच आहे, आणि मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

पण जायच्या आधी एक काम करा. यात पैसा लागत नाही, आणि या दुखण्यात याच्याएवढी खात्रीची तपासणी दुसरी नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असेलच. दुधाचा खाडा, गॅसची टाकी कधी लावली, सगळं आपण त्यावर लिहितो. तसंच हेही लिहायचं. रोज रात्री निजायच्या आधी, त्या दिवसाच्या चौकोनात, पेन्सिलीनं. चि म्हणजे चिडचिड, र म्हणजे रडू, झो म्हणजे झोप बिघडली, छा म्हणजे छाती दुखली, पो म्हणजे पोट फुगलं. पुढे आकडा : काही नाही तर शून्य, थोडं तर १, कामात अडचण आली तर २, कामच झालं नाही किंवा घरात भांडण झालं तर ३. पाळी सुरू झाली त्या तारखेला गोल. चांगल्या दिवशीही शून्य लिहायचं बरं का, ते फार महत्त्वाचं. आणि आठवड्याचं एकदम आठवून लिहू नका. वाईट दिवस आपल्या लक्षात राहतात, बरे दिवस आपण विसरतो. सगळ्यांनी वाचू नये असं वाटत असेल तर अक्षरांऐवजी नुसते ठिपके द्या, एक, दोन, तीन. मोबाइलवरही अशा नोंदीची सोय असते म्हणे. मुलगी लावून देत असेल तर तेही चालेल.

असे दोन पाळ्यांचे दोन महिने पुरे लिहायचे. मग कॅलेंडर समोर घेऊन बसा. समजा ५ तारखेला गोल आहे. ८ तारखेपासून १९-२० पर्यंत शून्य, क्वचित एखादा १. मग २५ च्या पुढे २, ३, ३ आणि पुढच्या गोलानंतर दोन-तीन दिवसांत पुन्हा शून्य. असं दोन्ही महिन्यांत दिसलं तर हा पाळीपूर्व त्रास, याबद्दल फारशी शंका उरत नाही. पाळी गेल्यावर निदान एक आठवडा तरी स्वच्छ, शून्यांचा हवा, ही खूण धरा.

शून्यांचा आठवडा कुठेच सापडला नाही तर? महिनाभर १ आणि २, आणि पाळीच्या आधी ते ३ होतात? मग गोष्ट वेगळी. मुळात दुसरं काही आहे आणि पाळीच्या आधी ते उफाळतं. थायरॉइड असेल, अंगात रक्त कमी असेल (आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांत ते कमीच असतं), अर्धशिशी असेल, नैराश्य असेल. किंवा घरात रोजची मारहाण, दारू, पैशाची ओढाताण असेल, त्याला तर कॅलेंडरवर अक्षरच नाही. चाळिशीच्या पुढच्या बायकांत पाळी जायची वेळ जवळ आल्याचीही ही चिन्हं असू शकतात. म्हणजे कॅलेंडर डॉक्टरांपुढे ठेवलं की निम्मं निदान तिथेच होतं. ‘मला कसंतरीच होतं’ असं म्हणून बसलं तर हाती टॉनिकची बाटली येते.

माधवनगरच्या ताई, तुमचं पत्र वाचून मला पहिलाच प्रकार वाटतो. तरी लिहाच. दोन महिने म्हणजे दिवाळीनंतरचा बेत आपोआप पुढे जातो, हाही एक फायदा.

आता उपाय. घरातल्यांपासून सुरुवात करू, पण आधी एक जुनी गंमत सांगते. वर १९९८ साल आलंच आहे, त्याच साली अमेरिकेत साडेचारशेहून अधिक बायकांवर कॅल्शियमची चाचणी झाली. रोज १२०० मिलिग्रॅम, तीन पाळ्यांपर्यंत. घेणाऱ्यांचा त्रास जवळजवळ निम्म्याने उतरला. पण ज्यांना कॅल्शियम म्हणून नुसतीच खोटी गोळी दिली होती, त्यांचाही तीस टक्क्यांच्या आसपास उतरला! शेजारणीचा काढा, नणंदेचं चूर्ण, मावशीचा अंगारा, प्रत्येकीला आपापलं लागू पडतं, त्यातलं बरंचसं गुपित इथेच आहे. तरीही खऱ्या गोळीचा गुण खोटीपेक्षा चांगलाच जास्त निघाला, म्हणून कॅल्शियम मी सांगते.

आपल्या सांगलीकडे ज्वारीची भाकरी मुख्य, आणि ज्वारीत कॅल्शियम फारच थोडं. नाचणीत मात्र भरपूर, शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. आठवड्यातून तीन-चारदा नाचणीची भाकरी किंवा आंबील करा. कपभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे मिलिग्रॅम, दह्याचंही साधारण तसंच. चमचा-दीड चमचा तिळाची चटणी शंभराची भर घालते. बहुतेक घरांत दूध आधी पुरुषांना आणि मुलांना जातं, बाईच्या वाट्याला चहात पडेल तेवढंच. ते बदला. एवढं करूनही हिशेब पुरा होत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. मुतखडा होऊन गेला असेल तर विचारल्याशिवाय नाहीच. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्ही एकदम घेऊ नका, एक सकाळी, एक रात्री. आणि लोहाच्या गोळीवर चहा नको.

पोट फुगतं, अंग जड होतं, त्या दिवसांत मीठ हातचं राखून वापरा. पापड, लोणचं, फरसाण आणि, रागावू नका, भडंग. सांगलीच्या बाईला भडंग सोड म्हणणं जिवावर येतं, पण आठच दिवसांचा प्रश्न आहे. चहा दोन कपांवर आणा, संध्याकाळनंतर नको, झोपेत फरक पडेल. जेवणं लांबवू नका. सगळ्यांचं झाल्यावर तीन वाजता जेवणारी बाई दोनच्या सुमारास कुणावर तरी ओरडतेच, तिला पीएमएस असो वा नसो. रोज अर्धा तास पायी चाला, आणि ते नुसतं त्या आठ दिवसांत नाही, महिनाभर. शिलाईयंत्रावर बसून पाय हलतात, तो व्यायाम नव्हे.

जीवनसत्त्व ब-६ च्या गोळ्या काही जणींना उपयोगी पडतात. पण ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून मनाने महिनोन्महिने जास्त घेऊ नका, हातापायांना कायमच्या मुंग्या येतील. युरोपात या त्रासावर एका झुडपाच्या फळांचा अर्क देतात. ते झुडूप आपल्या निर्गुडीच्या कुळातलं, पण निर्गुडी नव्हे. कुठेतरी वाचून बांधावरचा निर्गुडीचा पाला उकळून पिऊ नका. ओवा-बडीशेप खाऊन पोटाला बरं वाटत असेल तर खुशाल खा.

एवढ्यानं भागत नसेल, कॅलेंडरवर ३ चे आकडे येतच राहिले, तर औषधं आहेत आणि ती चांगली आहेत. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन ही त्यांतली नावं. दुकानदार सांगेल, ‘ही तर डिप्रेशनची गोळी’, आणि तुम्ही बिचकाल. नैराश्यात या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. पाळीपूर्व त्रासात पुष्कळदा काही दिवसांतच येतो. कित्येकींना महिनाभर घ्यावीही लागत नाही, पाळीआधीचे पंधरा दिवसच पुरतात. त्यांचं व्यसन लागत नाही. मळमळ, झोपेत किंवा नवरा-बायकोच्या संबंधांत थोडा फरक असे त्रास होऊ शकतात, ते न लाजता डॉक्टरांना सांगावेत. आपल्या मनाने सुरू आणि आपल्या मनाने बंद, हे मात्र नको.

दुसरा मार्ग गर्भनिरोधक गोळ्यांचा. त्यांनी स्त्रीबीज बाहेर पडणंच थांबतं. त्यांतल्या ड्रॉस्पिरेनोन असलेल्या गोळीचा उपयोग बऱ्याच जणींना होतो. रक्तदाब, अर्धशिशी, पायात रक्ताची गाठ झाल्याचा इतिहास, तंबाखू हे सगळं आधी सांगावं लागतं. मिसरी लावत असाल तर तीही सांगा. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की आपल्या बायका ‘नाही’ म्हणतात, कारण मिसरी त्या खाण्यात धरत नाहीत!

गोळ्यांवरून आठवलं. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून घेता ना? त्या नॉरएथिस्टेरॉनच्या असतात, आणि आधीच हा त्रास असलेल्या बाईचं फुगणं आणि चिडणं त्यांनी लांबू शकतं. गौरी जेवू घालायच्या दिवशी घरात रणकंदन का होतं, त्याचं एखादं कारण हेही असेल. विचारल्याशिवाय घेऊ नका.

काही थोड्या बायकांत, शंभरातल्या दोन-पाच म्हणा, हा त्रास फार तीव्र होतो. सगळं संपलं असं वाटतं, जगू नये असं वाटतं. याला पीएमडीडी असं वेगळं नाव आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ साली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही तो स्वतंत्र विकार म्हणून मान्य केला. पाळी आल्यावर हे विचार जातात म्हणून त्यांच्याकडे काणाडोळा करू नका. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात आलं तर दोन महिने कॅलेंडर लिहीत बसायचं नाही. त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगायचं आणि डॉक्टरकडे जायचं. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा रात्रंदिवस चालते, क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

लाटण्याचं तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल बोलायलाच हवं. त्रास खरा आहे, तरी मार मुलालाच बसला. ज्या दिवसांवर ३ पडतात ते आता तुम्हाला आधी कळतील. त्या दिवसांत धाकट्याचा अभ्यास वडिलांनी घ्यावा, शिलाईची मोठी गिऱ्हाइकं त्या आठवड्यात घेऊ नयेत. डोकं भडकलं की हातातलं खाली ठेवून दाराबाहेर जाऊन उभं राहायचं, भाजी करपली तरी चालेल. आणि शांत असाल तेव्हा त्याला जवळ घेऊन सांगा, त्या दिवशी तुझी चूक नव्हती.

यजमानांनी हे पान वाचलं तर त्यांच्यासाठीही दोन ओळी. बायको काही बोलली की ‘तारीख जवळ आली वाटतं’ असं म्हणायची सवय लावून घेऊ नका. पंचवीस तारखेला ती ‘सगळं काम माझ्यावरच पडतं’ म्हणून ओरडली असेल, तर ओरडणं पाळीपूर्व त्रासाचं असेल, काम मात्र खरोखरच तिच्यावर पडलेलं असतं. दहा तारखेला तेच ती गिळून टाकते, एवढंच.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, मुलीलाही असंच होईल का? आई, बहीण, मुलगी यांत हा त्रास काही घरांत चालत आलेला दिसतो, पण होईलच असं नाही. तिला आत्ताच सांगा आणि कॅलेंडरवर तिच्याही तारखेला गोल काढायला लावा, दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीनं. पाळी सुरू झाल्यावर तिचं पोट दुखत असेल तर ते वेगळं दुखणं आहे, त्याच्या गोळ्या वेगळ्या. शाळा बुडण्याइतकं दुखत असेल तर तुम्ही जाल त्याच दिवशी तिलाही बरोबर घेऊन जा. एकाच केसपेपरवर मात्र दोघींचं काम होणार नाही, दोन काढा.